दुधाचा दात

नमुना क्रमांक एकोणतीस.
दुधाचा दात, खालचा, समोरचा.
तुरीच्या दाण्याएवढा,
जुन्या वीजबिलाच्या पुडीत.

सलोनी पंधरे, वय सहा.
कामठी रोडवरून आत गेलं की टोली,
तिथे एका शेडमध्ये बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायचे.
शेड बंद होऊन अकरा वर्षं झाली.
आता तिथे कोबी मिळतो, सांबार मिळतो.

आई म्हणाली,
"उंदराले द्याचा होता बाई,
कवेलूवर फेकणारच होतो, तुमाले देल्ला.
उंदीर नवा दात तरी देते.
तुमी काय द्यान?"
मी फॉर्म पुढे केला. तिने सही केली,
यमुना, आणि मग बरंच थांबून, पंधरे.

बाहेर सेहेचाळीस.
आत एकवीस, आमच्यासाठी नव्हे, मशीनसाठी.
मशीनच्या पोटात आर्गॉनची बोटभर ज्योत
सूर्याच्या कातडीहून तापलेली;
मे महिन्यातल्या नागपूरकराला
तिचं फार कौतुक वाटत नाही.

त्याआधीचे तीन आठवडे वाया गेले.
कोऱ्या नमुन्यात, ज्यात काहीच नसायला हवं,
शिसं निघत होतं.
आम्ल बदललं, पाणी बदललं,
बाटल्या रात्रभर आम्लात बुडवून ठेवल्या,
एकमेकांवर संशय घेऊन झाला.
मग वहीतल्या तारखा पाहताना दिसलं:
फक्त मंगळवारी. आणि शनिवारी.
बावणेजी मारुतीला जाऊन येतात,
कपाळावर ओला शेंदूर,
आणि त्याच बोटांनी झाकणं उघडतात.
काही बोलले नाहीत.
दुसऱ्या दिवसापासून दाराबाहेर साबण लावून
कपाळ धुताना दिसायचे, डोळे मिटून,
जणू देवाचीच माफी मागतायत.

आता कोरा खरोखर कोरा आला.
म्हणजे शून्य नव्हे.
शून्य आम्ही कधीच लिहीत नाही.
"शोधमर्यादेच्या खाली" लिहितो;
असेलही, आमची नजर तिथवर जात नाही.

दात उभा चिरला.
झाडाला वर्षाचं वलय असतं,
दाताला दिवसादिवसाचं.
आणि एक गडद रेघ, जन्माची.
त्या दिवशी बाळाला इतका धक्का बसतो
की दातही क्षणभर वाढायचा थांबतो.
लेझर रेघेकडे सरकत गेला,
केसाहून बारीक चर पाडत.
मी चहा घेतला नाही.

आलेख रेघेच्या अलीकडेच वर चढलेला.
जन्माच्या अलीकडे.
मी तीनदा मोजलं. बावणेजींनी चौथ्यांदा.

अहवालात आकडा असतो, अधिक-उणे असतं,
पद्धतीचा क्रमांक असतो.
दहा वर्षांच्या मुलीने डोक्यावरून वाहिलेल्या
फुटक्या बॅटऱ्यांचा रकाना नसतो.
हाडं शिशाला चुना समजून ठेवून घेतात,
आणि पोटात लेकरू चुना मागतं तेव्हा
जे साठवलेलं तेच काढून देतात.
हे मी टोलीवर सांगितलं,
जमेल तेवढ्या सोप्या शब्दांत,
कोबीच्या दुकानाच्या सावलीत.

ती बराच वेळ पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिली.
"मंजे मीनंच देल्लं?"

नाही, म्हणाले. आणि पुढे
जे बोलायचं तयार करून आणलं होतं
ते आठवेना.
कमी मात्रा आहे, रक्त तपासू,
दूध, गूळ, पालक, असलं काहीतरी बोलत गेले.

"उरला का दात?"
उरला होता. अर्धा, चर पडलेला, नवीन पुडीत.
तिने पदराने पुसला,
आणि पोरीच्या हातात दिला.
सलोनीने तो शेडच्या पत्र्यावर फेकला;
टिचकीएवढा आवाज झाला.

मग माझ्यासमोर आ करून उभी राहिली.
नवा दात अर्धा वर आलेला,
कडेला करवतीसारखा.
"पाहा," म्हणे.
मी पाहिला.
बराच वेळ पाहिला.
वही पिशवीतच होती.