खोट

ओडीलिया बेटनकोर्ट रोज पहाटे आल्टामाँटची खिंड ओलांडते.
पवनचक्क्या, काही फिरणाऱ्या, काही रुसलेल्या,
आणि डोंगरभर वाळलेलं गवत,
ज्याला एक सिगारेट पुरते.

तिचं काम न पेटणाऱ्याशी.

मोहरीएवढा पोकळ मणी
सूक्ष्मदर्शकाखाली फिरवत राहायचा.
हिऱ्याचा आहे, पण कुणाच्या बोटात जायचा नाही.
आत जड हायड्रोजन गोठवणार,
भोवती गुंजा मोजून सोन्याची नळी,
आणि मग एकशे ब्याण्णव किरण
एकदम, सगळीकडून, सारखे,
इतके सारखे की दबता दबता त्याचा सूर्य व्हावा.
एक खड्डा राहिला, जंतूएवढा,
तर सगळं तिथूनच बिनसतं.

अकरा वर्षं बिनसतंय.
भिंतीतून तीनशे घ्यायचे,
किरणांत दोन उरायचे,
हाती यायची त्या दोनातलीही चिल्लर.
(त्याच आवारात बॉम्बचाही हिशेब चालतो.
जेवताना त्यावर कुणी बोलत नाही.)

ट्रेसीला भावाचा गोठा, चारशे गाई.
बाप अझोरेसहून आला तेव्हा तीन होत्या.
ड्वार्ट विचारतो, "पेटलं का?"
"सरपण ओलं आहे."
"माझ्या शेणावर बघ, सगळा गोठा उजळतो."
दोघं हसतात. ती जरा कमी.

त्या हिवाळ्यात एकच मणी शिल्लक होता.
ध्रुवाजवळ दोन खड्डे.
तिनं लिहिलं, खोट आहे.
नेसबिट, तो पोरगेला गणिती, खाली येऊन म्हणाला,
"साल जाड आहे याची. सोसेल."
सोसेल, हा काय शास्त्रातला शब्द झाला?
तिनं सही केली. समासातली खोट खोडली नाही.

रात्री एक वाजता ती प्रयोगशाळेत नव्हती.
गाय अडली होती.
ड्वार्ट खांद्यापर्यंत आत, ही बॅटरी धरून,
आणि डोंगरापलीकडे एका सेकंदाचे अब्ज तुकडे होऊन
त्यातल्या आठ-दहांत
ते झालं.
खिशात फोन थरथरला. हात चिकट होते.
आधी वासराच्या नाकातला चिकटा काढला,
फुंकर घातली,
मग वाचलं:
दोन घातले, तीन आले.

"म्हणजे वीजबिल कमी येणार?"
"नाही रे. भिंतीतले तीनशे तसेच आहेत."
"मग रडतेस कशाला?"
वासरू उभं राहू बघत होतं,
चारही पाय चार दिशांना.

सोमवारी नवा मणी आला.
तिनं भिंग खाली घेतलं.
खोट आहे, लिहिलं,
पेन उचललं नाही,
आणि किती खोल, ते मोजायला लागली.