बारा तारखेची चौकट

केटाच्या बाजारात माझं ऑफिस म्हणजे
एक सायकल, एक खाकी पिशवी
आणि कानामागे पेन.
रोज सकाळी पालापालाशी थांबतो,
दोन सेडी, पाच सेडी, जे ठरलं असेल ते घेतो
आणि पुठ्ठ्याच्या कार्डावर एका चौकटीत सही करतो.
एकतीस चौकटी. त्यातली एक माझी, मजुरीची.
बाकीचे पैसे महिनाअखेर परत.
याला आम्ही सुसू म्हणतो.
व्याज नाही. फक्त रोज येणारा एक माणूस.

झिग्बोर्दी बारके लाल कांदे विकायची.
कार्ड काढताना म्हणाली,
"नाव माझं नको. एसिनाम लिही."
म्हटलं, अगं, पोर अजून पाठीवर बांधलेली आहे.
"म्हणूनच," ती म्हणाली,
आणि सुट्टे मोजायला लागली.

नवरा त्याआधीच समुद्रात गेला होता.
होडी परत आली होती.
मग सात वर्षांनी, ऑगस्टात, सहा दिवसांचा ताप,
आणि कार्डावर एकोणीस सह्या.

विसावी चौकट मी कितीदा पाहिली असेल.
नियम सोपा आहे: माणूस गेलं की कार्ड मिटवायचं,
मजुरी कापून बाकी वारसाच्या हातात.
पण नियमाला वारसाची उंची ठाऊक नसते.
ती माझ्या सायकलच्या सीटएवढी होती.

कोब्ला आला, पोरीचा मामा.
हातात शवपेटीवाल्याचं बिल, मांडवाचं, ढोलवाल्यांचं,
काळ्या-लाल कापडाचं.
आमच्याकडे मेलेल्याला पोचवताना
जिवंत माणूस वाकतो.
तो चोर नव्हता. चार रात्री झोपला नव्हता.
मी काही बोललो नाही, कार्ड उलटं करून नाव दाखवलं.
चार अक्षरांना लागावा त्याहून बराच वेळ
तो वाचत राहिला.
मग म्हणाला, "बिलाचं मी बघतो."

पुढचं कुणी बसून ठरवलं नाही.
अकपेनेने सुक्या मासळीच्या टोपलीखालून
दोन सेडी काढले. "विसावी भर."
दुसऱ्या दिवशी साबणवाली.
मग गिरणीवाला, तोही कुरकुरत,
पोरीच्या आईने त्याचे म्हणे अर्धं पोतं कांद्याचे पैसे
लावून धरून वसूल केले होते.

लोक म्हणतात, अग्बेको, तिच्या कार्डावरची
तुझी चौकट तरी सोड.
सोडत नाही.
दया काय, आली तर येते.
मजुरी घेतली की मला यावंच लागतं,
टायर फुटला तरी, बायकोशी भांडून निघालो तरी.

गेल्या वर्षी रक्कम पिशवीत मावेनाशी झाली.
बँकेतल्या बाईने फॉर्म दिला. त्यातही चौकटीच.
'पालकाची सही.'
मी पेन टेकवलं आणि उचललं.
मी कोण?
निरोप धाडला. कोब्ला इस्त्रीचा शर्ट घालून आला.
अठरा पूर्ण होईतो कुणालाही काढता येणार नाहीत,
बाईने दोनदा वाचून दाखवलं,
"तुम्हालासुद्धा नाही."
त्याने इतकी दाबून सही केली
की खालच्या कोऱ्या कागदावरही उमटली.

एसिनाम आता शाळा सुटली की येते.
आभार वगैरे मानत नाही. कार्ड मागते,
बोटाने एकेक चौकट तपासते,
आई कांदे चाचपायची तशी.

काल बोट थांबलं.
"बारा तारीख कोरी आहे."
म्हटलं, पाववाली आजारी होती त्या दिवशी.
"मग?"

अंधार पडत होता, टोपल्या झाकलेल्या,
खाडीवरून वारा सुटलेला.
सायकल वळवली.
पाववालीच्या दाराशी घंटी वाजवली.
आतून खोकत तिने विचारलं,
"आत्ता कोण?"

म्हटलं,
"एसिनामची बारा तारीख."