दुसरी वही

माझा बाप पाण्याची मीटरं वाचायचा
वाल्पाराइसोच्या टेकड्यांवर, सव्वीस वर्षं.
खांद्याला पिशवी, टॉर्च, झाकण उचलायला लोखंडी आकडा,
आणि कुत्र्यांसाठी खिशात शिळा पाव.

कंपनीच्या वहीत नुसते आकडे.
दुसरी वही किराणावाल्याने दिलेली, तिच्यात समुद्रप्रवास:
‘सकाळचे आठ. धुकं. एकशे बासष्ट पायऱ्या चढून
निळ्या पत्र्याच्या बेटाला लागलो.
बेटाचा राजा एका डोळ्याने आंधळा, शेपूट तुटकं.
पाव स्वीकारला. तह झाला.
झाकणाखाली कोळ्याचं राज्य जसंच्या तसं.
खोली: चारशे बारा.’

रात्री पाय मिठाच्या पाण्यात सोडून
तो हे वाचून दाखवी.
कांदा चिरता चिरता आई विचारी,
‘छत्तीस बेटं पालथी घातलीस, एडेल्मिरो,
एकावरही बटाटे मिळाले नाहीत?’
तो खजील होई. मग पेन्सिल ओली करून लिही:
‘जहाजावर बंडाची चिन्हं.’

मी नऊ वर्षांची असताना एकदा त्याच्याबरोबर गेले.
एका दारापाशी आकडा तोच निघाला, मागच्या महिन्याचा.
तो उकिडवा बसून राहिला.
कंपनीचं काय, तोच आकडा पुन्हा लिहायचा, पुढे जायचं.
पण कप्तानाला कुठे पुढे जाता येतं?
त्याने दार ठोठावलं. शेजारचं ठोठावलं.
खिडकीवर खडे मारले.
मग टोपी काढून हातात धरली,
आणि मला पहिल्यांदाच वाटलं, हा खेळ नाही.

तेवढ्यात खालच्या वळणावरून दोन्या रोसाउरा वर आली,
धापा टाकत, बहिणीकडचा मुक्काम आटोपून,
दोन्ही हातांत लिंबांच्या पिशव्या.
‘काच फुटली तर तुझ्या पगारातून कापून घेईन!’
बाप हसत सुटला, पायरीवरच बसला.
परतताना मात्र एक शब्द नाही.
वहीत एवढंच: ‘बेट जिवंत. लिंबं सहा.’

पुढे शाळेत मी सांगायचे, बाबा इंजिनिअर आहेत.

आता मीटरं आपले आकडे आपणच धाडतात, हवेतून.
बाबाचा गुडघा गेला. आई गेली.
मी रांकाग्वात औषधांच्या दुकानी गल्ल्यावर बसते.
रांगेतला एखादा म्हातारा चिठ्ठीची घडी
नकाशा उलगडावा तशी उलगडतो, ते मला दिसतं.
ही खोड कुठून आली, मी कुणाला सांगत नाही.

रविवारी फोन लावते.
‘कुठवर आलात, कप्तान?’
‘पलंग सोडून वीस मिनिटं झाली. स्वयंपाकघर टप्प्यात.
वारा समोरून. खिडकी कुणीतरी उघडी टाकलीय,
बहुतेक मीच.’
मग बराच वेळ नुसती वॉकरची खरखर.
‘घे लिहून. बेसिनपाशी पोचलो. नळ ठिबकतोय.’

मी विजेचं बिल पालथं करते, पेन शोधते.
‘मिनिटाला किती?’

तो मोठ्याने मोजायला लागतो.