गुंजेचा शंभरावा भाग

रात्री साडेअकरानंतर मोजायला घेते.
दिवसा जमत नाही.
एमआयडीसीतल्या दालमिला चालू असल्या
की लायनीत थरथर येते,
त्यात जळगावचा मे, कूलरची मोटर.
आता फक्त वरचा पत्रा निवतोय,
टक्, मग बराच वेळ नाही, मग टक्.

टेबलावर गॅलियम आर्सेनाइडची चकती,
करंगळीच्या नखाएवढा काळपट आरसा.
तिच्यावर प्रकाशाची बारीक रेघ टाकायची,
परत येते ती गोळा करायची.
शंभरातले तीसेक परततात.
बाकीचं ती ठेवून घेते, पावती देत नाही.

मग दोन तारा. एक पाठीला,
एक समोर चढवलेल्या सोन्याच्या पदराला,
इतका पातळ, की आरपार हिरवट दिसतं.
दाब द्यायचा, काढायचा. द्यायचा, काढायचा.
सेकंदाला दोनशे सतरा वेळा.
पन्नासच्या पाढ्यात न बसणारा आकडा मुद्दाम घेतलाय,
महावितरणची गुणगुण मधे नको.

आज डबा घेऊन आप्पा आले, लुनावरून, गिरणा ओलांडून.
भाकरी तशीच राहिली.
सराफ बाजारातलं भिंग डोळ्याला लावून
चकतीवर वाकले.
'काहीच बदलनं नही व पोरी.'

नाहीच दिसणार. बदलतं ते दहा हजारात एक,
आणि तेही जिथे बदलतं तो रंग
डोळ्याच्या हद्दीपलीकडचा.
ओठ न हलवता त्यांनी हिशेब केला :
तोळ्याच्या शहाण्णव गुंजा.
'म्हंजे तोळामा गुंजना शंभरावा भाग.
इतलं ते फुकणीनी फुकमां उडी जास.'

उडतं, पण जातं कुठे, आप्पा?
तुमच्या दुकानापुढची धूळ
फुलाबाई झारेकरीण पैसे मोजून नेते.
पाटीत पाणी, आणि एका तालात हात.
माती वाहून जाते, जड ते तळाला.
टेबलाखालचं हे यंत्र तिचंच काम करतं.
दोनशे सतराच्या तालात हललं तेवढं ठेवतं,
पत्रा, पंखा, माझा खोकला
सगळं सांडून देतं.

ते हसले. बघत राहिले.
पडद्यावर रेघ सपाट चालली होती,
एक पूर्णांक बेचाळीसला आली आणि उसळली,
मागोमाग लाटा, एकीपेक्षा एक लहान.
दाब दिला की इलेक्ट्रॉनची लाट
जिथे तिने जायचं नाही त्या पट्ट्यात
जराशी पाझरते.
त्या पाझरण्याच्या या खुणा.
दोन लाटांमधलं अंतर मोजलं
की आतला ताण कळतो.

'घासनं नही पडत?'
नाही. कसोटीवर रेघ ओढावी लागत नाही.
'मंग तू सोनार नही,' म्हणाले,
आणि भिंग परत डोळ्याशी नेलं.

तेव्हा दिसलं.
भिंग धरलेला हात हलत होता.
दुसऱ्या हाताने त्यांनी मनगट धरलं,
उगाच घड्याळ सारखं केल्यासारखं.
सेकंदाला चार वेळा, फार तर पाच.
किती महिने?
या हाताने नथीत मोती ओवतात ते.

मी पडद्याकडे बघत राहिले.
वहीत तापमान लिहिलं, दाब लिहिला,
चकतीचा क्रमांक, वेळ एक वाजून दहा.
तारा काढल्या तरी
पृष्ठभागाखाली थोडा ताण उरतोच.
तो आधीपासून असतो.

'आप्पा, थांबा जरा,' म्हटलं,
'दुसरी फेरी घेऊ, मग सोबत जाऊ.
लुना मी चालवते.'