डावी बाजू

नागीण उठली पोळ्याच्या सुमारास.
कपाळ, भुवई, नाकाची कड,
आणि बरोब्बर मधोमध थांबली,
दोघा भावांत बांध घातल्यासारखी.

वेढा पुरा झाला की माणूस जातं, म्हणाली जाऊ.
गेरू उगाळला. कोणी राख मंतरून दिली.
फोड सुकले, खपल्या पडल्या,
लोक म्हणाले, सुटलीस वं यमुने.

मग खरं सुरू झालं.

झुळूक लागली, आग.
केसांतून फणी, आग.
चष्म्याची डावी काडी कानशिलाला टेकू नये
म्हणून दोऱ्यानं वर बांधली, वेणीला.
हिशेबाची वही तिरपी धरून वाचायची.

आमचं भरताचं दुकान, बामणोदला.
मार्गशीर्षात रोज दोन मण वांगी
पऱ्हाटीच्या जाळावर.
भाजणं म्हणजे काय, मला नका सांगू.
पण वांगं एकदा भाजलं की संपतं.

भुसावळला डॉक्टर वायकोळ्यांनी
कापसाचा बोळा कपाळावरून फिरवला.
मी किंचाळले, तेच ओशाळले.
"जखम गेली, यमुनाबाई. नस बिघडलीय.
दाराशी कोणी नाही, तरी घंटा वाजतेय."
एक गोळी लिहिली, दहाची, रात्रीची.
तीन आठवडे धीर धरा.

मेडिकलवर फिरक्यांच्या उमाकांतनं चिठ्ठी वाचली
आणि आवाज खाली घेतला,
"मावशी, ही कोणासाठी?"

तो खाली घेतलेला आवाज
माझ्याआधीच्या यष्टीनं गावात पोचला.
डोक्याच्या गोळ्या चालू झाल्या म्हणे तिला.
लेक सुरतेहून फोनवर,
"आई, इथं तर नैराश्य लिहिलंय. तू निराश आहेस?"
अगं, निराश व्हायचं तर अख्खं व्हावं लागेल,
मी फक्त डावीकडून जळतेय.

डॉक्टर म्हणाले, औषध उदासीसाठीच निघालं होतं,
नसेवर चालतं हे नंतर कळलं, लहान मापात.
एवढं मला पटलं.
पऱ्हाटी आपण कापसासाठी लावतो,
जाळाला तिच्यासारखं काही नाही, हे नंतरचं.

पहिला आठवडा नुसती झोप. जीभ चामड्याची.
इसबगोल.
दुसरा आठवडा काहीच नाही.
दहाची पंचवीस झाली.
मग एका सकाळी अंगण झाडलं,
केरसुणी ठेवली,
आणि लक्षात आलं की वारा होता.

बरी झाले असं नाही म्हणणार.
आग आहे,
पलीकडच्या खोलीत कोणी रेडिओ लावावा तशी.

एक मात्र डॉक्टरांना बोलले नाही.
वाटणीच्या दिवशी धाकटा भाऊ एक वाक्य बोलला होता.
आठ वर्षं ते मला रात्री दोनला उठवायचं.
आता नाही उठवत.

एवढ्याशा मापात मनाला काही होत नाही, म्हणाले होते ते.
नसेल होत.
मी विचारलं नाही.
विचारलं तर कमी करतील गोळी, असं वाटलं.

चष्म्याचा दोरा अजून सोडलेला नाही.