चार कोपरे

लिफ्ट बंद होती. शारजाच्या सनय्यात
ती चालू असली तरच लोक एकमेकांना फोन करून सांगतात.
चौथा मजला, खालचा बंक,
आणि कमरेखाली दुसऱ्याच कुणाचे तरी पाय घेऊन पडलेला मी.

परांचीवरून पडलो तेव्हा उठून चहासुद्धा प्यालो होतो.
रात्री मणक्याने हिशेब मागितला.

कंपनीची गाडी खाली हॉर्न देत होती.
थंकच्चन म्हणाला, ब्लँकेट काढा.
वाघाचं चित्र असलेलं, रिबकासाठी घेतलेलं,
दोन वर्षं प्लॅस्टिकच्या पिशवीतून न काढलेलं.
पायाकडे थंकच्चन आणि दिलबहादूर,
डोक्याकडे डावीकडून गुलरेज,
उजवीकडून मफिजुल.

मफिजुल.

जालन्याला शब्बाथ शाळेत सगुणा टीचर
फ्लॅनेलच्या फळ्यावर घर लावायच्या, मग त्याचं छप्पर काढायच्या,
आणि चार कापडी माणसं पाचव्याला दोरीने खाली सोडायची.
मी विचारलं होतं, छप्पर मग कुणी नीट केलं?
आणि तो बिचारा पाय मागायला आला होता,
त्याला आधी पापांची क्षमा कशाला?
टीचर म्हणाल्या, फिलेमोन, वर्ग सुटल्यावर विचार.
वर्ग सुटला की आम्ही चिंचा पाडायला पळायचो.

गेल्या हिवाळ्यात माझे सहाशे दिरहम गेले.
मी मफिजुलकडे बोट दाखवलं,
खोलीत नाही, फोरमनसमोर.
त्याचा महिन्याचा ओव्हरटाईम कापला गेला,
आणि त्याची थाळी आमच्या थाळ्यांपासून वीतभर लांब सरकली.
पंधरा दिवसांनी नोटा सापडल्या,
माझ्याच पवित्र शास्त्राच्या कव्हरात,
जिथे मीच ठेवल्या होत्या.
मी शास्त्र मिटलं. चेन ओढली.
यरमूकच्या चर्चमध्ये मल्याळी उपासना सुटल्यावर
आम्हा सतरा मराठी माणसांना पाऊण तास खोली मिळते;
तिथे त्या आठवड्यात मी प्रार्थना चालवली. बरी झाली म्हणाले.

जिना अरुंद. वाघ माझ्या वजनाने मधोमध लोंबत होता.
दिलबहादूर नेपाळीत पायऱ्या मोजत होता,
गुलरेज दर वळणावर बिस्मिल्ला म्हणत होता.
मफिजुलच्या हनुवटीवरून घामाचा थेंब सुटला
आणि माझ्या कपाळावर पडला.
कपाळ पाण्याने आधी एकदा भिजलं होतं,
मी चाळीस दिवसांचा असताना; ते मला आठवत नाही.
हे आठवतं.

दुसऱ्या मजल्यावर दम खायला थांबले.
मी म्हणालो, मफिजुल, वो पैसे...
तो हातातला कोपरा मनगटाला गुंडाळत होता.
"मालूम है. उस रात चेन की आवाज सुनी थी.
अभी हिलो मत, मोड आ रहा है."

एवढंच.
मी हललो नाही. कशाने हलणार होतो?
पण छातीत कुठेतरी कौल सरकावं तसं सरकलं
आणि उजेड आला, धुळीसकट.

मग प्लेट, सहा स्क्रू, पाच आठवडे छत.
डाव्या पायाचा अंगठा हलला त्या सकाळी
फिजिओथेरपीची फिलिपिनो मुलगी टाळ्या वाजवायला लागली,
म्हणाली, आज सुरुवात झाली.
मी मान हलवली.
सुरुवात कुठल्या जिन्यात झाली, ते तिला काय सांगणार?

पाय अजून ओढतो. ओढेल, म्हणाले डॉक्टर.
फोरमनला सगळं सांगितलं; तो म्हणाला, जुनी फाईल कोण उघडणार?
म्हणून सहाशे, आणि वर कापला गेलेला ओव्हरटाईम,
मी मफिजुलच्या हातावर ठेवले.
नको म्हणेल असं वाटलं होतं.
त्याने दोनदा मोजून घेतले
आणि शर्टाच्या खिशाला पिन लावली.
रात्री त्याची थाळी माझ्या थाळीला लागली,
मुद्दाम की जागा नव्हती म्हणून, कळलं नाही.

इस्पितळातून परतलो त्या दिवशी
लिफ्ट बंद होती.
वाघाची घडी केली, खांद्यावर टाकली,
आणि एकेक पायरी, कठडा धरून, चार मजले चढलो.
ब्लँकेटचा उजवा कोपरा उसवलाय.
रिबका विचारेल.
शिवून नाही नेणार.