ग्रीनिचची मध्यरात्र

अर्जाच्या सातव्या पानावर विचारलं होतं:
तुमची बातमी जगाशी कशी जोडलेली आहे?
दोनशे शब्दांत.

मी तालुक्याचा वार्ताहर.
बातमीमागे साठ रुपये, फोटो छापला तर वर वीस,
जाहिरात आणली तर संपादक विचारतात, जेवलास का.
जगाशी माझा संबंध
आजवर शेवटच्या पानाच्या घडीपुरता.

कागद दिघोरे मॅडमनी आणला होता.
केंद्रशाळेच्या बैठकीत कोणीतरी
चिवड्याच्या प्लेटीखाली घातलेला:
एक पत्रकार, एक शिक्षक, मिळून अर्ज करा.
सहा महिने प्रशिक्षण, प्रवासखर्च, मानधन.
विषय पाणी, हवामान, स्थलांतर.
तेलाच्या डागात रक्कम बुडाली होती.
"शून्यं नका मोजू," मॅडम म्हणाल्या, "आपण तळं मोजू."

तळं त्यांच्या पोरांनी मोजूनच ठेवलं होतं.
तीन वर्षं, दर शनिवारी, सकाळची शाळा सुटली की
बांबूवर चुन्याच्या खुणा,
वहीत तारखा, आकडे, आणि मध्येच
"आज म्हैस बसली होती, खूण दिसली नाही."
ही ओळ इंग्रजीत न्यावी की गाळावी
यावर आमचं अर्धा तास भांडण झालं.
म्हैस राहिली.

अकरा चाळीसला लाईन गेली.
माझ्या झेरॉक्सच्या दुकानात प्रिंटरनं
अर्धं पान बाहेर काढलं होतं, वेडावल्यासारखं.
मुदत: रात्री अकरा एकोणसाठ.
मोबाइलला रेंज फक्त टाकीवर चढलं तर,
आणि टाकीच्या शिडीला ग्रामपंचायतीचं कुलूप.
मी म्हणालो, गेलं.
शटर ओढलं, तेही अर्ध्यात अडकलं.

मॅडमनी टॉर्चखाली कागद धरला.
"पण कोठचे अकरा एकोणसाठ?"
खाली मुंगीएवढ्या अक्षरांत होतं: ग्रीनिच.
त्यांनी बोटांवर रेखावृत्तं मोजली.
दरवर्षी हा धडा शिकवतात,
दरवर्षी मागच्या बाकावरून कोणी विचारतं,
मॅडम, हे कामी कुठं येते?
साडेपाच तास.
आमच्या खात्यात पहिल्यांदाच
कोणीतरी काही आगाऊ जमा केलं होतं.

चारला आम्ही तळ्याच्या पाळीवर.
अंधारात पार्बताबाई नान्हे जाळं ओढत होत्या,
पदर कानाभोवती आवळून.
मी विचारलं, मावशी, ह्या तळ्याचा जगाशी काय संबंध?
"मले काहाले इचारता जी?
बदकाईले इचारा. थंडीचे येतेत पाहुण्यावानी.
औंदा कमी आले. तिकडंच काई बिघडलं असन."
एवढं बोलून त्या जाळ्यात गुंतलेली
बेशरमाची फांदी सोडवू लागल्या.
तिला वेळ लागत होता.
आम्ही उगाच उभे, थंडीनं दात वाजत.
हे लिहू का, विचारलं.
"लिवा. पण नाव पुरं लिवजा."

पाच दहाला लाईन आली.
नाव पूर्ण लिहिलं. बदकं लिहिली.
एकशे शहाण्णव शब्द झाले, चार उरले.
मॅडमनी वही उघडली, मागचं पान,
जिथं पोरांनी यादी केली होती
आजोबांनी खाल्लेल्या, आपण न पाहिलेल्या माशांची.
डाडक. पोष्टी. मुरकुट. सवडा.
रोमन अक्षरांत उतरवताच
संगणकानं चारही नावांखाली लाल रेघ मारली
आणि नम्रपणे विचारलं,
तुम्हाला दुसरं काही म्हणायचं होतं का?

नाही.
पाच सव्वीसला पाठवलं.
लंडनमध्ये म्हणे अजून कालच होतं.

नऊला संपादकांचा फोन:
तुमच्याकडं रात्री लाईन गेली होती का?
चार ओळी पाठव.
फोटो नको.